घोळ बोलते तोवर

दिवस कलला की करंजबंदरच्या होड्या खाडीच्या तोंडाबाहेर जाऊन रांगेत उभ्या राहत. जाळी होडीतच. प्रत्येक होडीवरचा जाणता माणूस वल्ह्याचं पातं पाण्यात सोडी आणि दांड्याच्या वरच्या टोकाला कान लावून बसे. परगावच्या पाहुण्याला हे पाहून हसू येई. उपग्रहावरून वारा सांगणारा पडदा समोर लावलाय, सूर्यावर चालणारं इंजिन मागे आहे, आणि नाखवा बसलाय लाकडाला कान लावून! पण या गोष्टीची थट्टा करंजबंदरात खपत नसे. करणाऱ्याला त्या दिवशी जेवण मिळे, पण घराच्या मागच्या पडवीत.

गावाचा नियम एकच होता. घोळ बोलते तोवर जाळं टाकायचं नाही.

घोळ म्हणजे पुरुषभर लांबीची, सोनेरी झाक असलेली मासळी. तिचा नर विणीच्या दिवसांत संध्याकाळी ढोलासारखा घुमतो. पोटातल्या हवेच्या पिशवीला कोळी लोक बोत म्हणतात. तिच्या दोन्ही अंगांना असलेले स्नायू नर भराभर थरथरवतो आणि आवाज पाण्यात लांबवर जातो. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने धावतो, तेव्हा कोसभर दूरच्या मादीलाही कळतं की नवरदेव कुठे उभा आहे. माद्या गोळा होतात, अंडी सोडतात, नर त्यांवर आपला वाटा सोडतात आणि मग सगळं गप्प होतं. गप्प झालं की जाळं. एवढं साधं. मासळीचं काम आधी, माणसाचं मागून. ज्याने नियम मोडला त्याला कुणी दंड करत नसे. फक्त त्याची होडी वाळूवर ओढायला कुणी हात लावत नसे. एकट्याने होडी ओढून पाहावी म्हणजे कळतं, दंड बरा.

पुढे नियम राहिला आणि घोळ गेली. उत्तरेला बंदर झालं, समुद्रात खांब ठोकले गेले, मोठ्या बोटींनी तळ खरवडून नेला. दर्शना तामोरे सात-आठ वर्षांची असताना बाबांनी तिचा कान पहिल्यांदा वल्ह्याला लावला, तेव्हा आतून धप्प, धप्प, धप्प असा आवाज आला होता. "हीच घोळ का?" तिने विचारलं. बाबा म्हणाले, "नाय गो. हा माणूस बोलतंय."

बाबा पुन्हा घोळ न ऐकताच गेले. दर्शना शिकली आणि पाण्याखालच्या आवाजांची शास्त्रज्ञ झाली. शहरातल्या संशोधन केंद्रात तिचं नाव झालं. देवमाशांपासून कोळंबीपर्यंत सगळ्यांचे आवाज तिच्याकडे जमा होते, एक सोडून.

तो एक तिला तिच्या थोरल्या भावाने दिला. मोरेश्वरच्या जाळ्यात एका पावसाळ्यानंतर घोळीचा जिवंत नर आला. बोताला परदेशात काय मोल येतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असताना मोरेश्वरने तो कापला नाही. खाडीत जाळीचा पिंजरा करून त्यात सोडला आणि बहिणीला फोन केला. "दर्शू, पाव्हना आलाय. लवकर ये."

तो नर रोज संध्याकाळी घुमायचा. दर्शना पाण्यात ध्वनिग्राहक सोडून काठावर बसून राहायची. त्या आवाजाला कुठूनही जाब मिळत नव्हता. एका सकाळी पाव्हणा उलटा तरंगत होता. मोरेश्वरने त्याला उचलून होडीत घातला, खोल पाण्यात नेला आणि सोडून दिला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. वाऱ्याने, म्हणाला.

त्या आवाजातून दर्शनाने 'साद' बनवली.

तशी कल्पना नवी नव्हती. मेलेल्या प्रवाळावर जिवंत प्रवाळाचे आवाज वाजवले तर लहान मासे तिकडे वस्तीला येतात, हे कधीच सिद्ध झालं होतं. पण घोळ हुशार. तीच ती ध्वनिफीत पुन्हापुन्हा वाजली तर दोन दिवसांत तिकडे पाठ फिरवते. साद मात्र ध्वनिफीत नव्हती. ते शिकणारं यंत्र होतं. पाण्याची ऊब, भरती-ओहोटी, चंद्राची कला, आजूबाजूच्या जहाजांची घरघर हे सगळं जोखून त्या एका नराच्या गळ्याने ते रोज नवं घुमायचं. किनाऱ्यावर विखुरलेल्या उरल्यासुरल्या नरमाद्यांना एका जागी बोलवायचं, त्यांची गाठ घालून द्यायची, पुढचं त्यांचं ते बघतील, असा बेत होता. नर जसा संध्याकाळी काही वेळ घुमतो आणि विणीनंतर थांबतो, तशीच सादही थांबायची. ती वेळ दर्शनाने स्वतः बसवली. निसर्गाची नक्कल करायची तर पुरती करावी, असा तिचा बाणा.

सरकारने साद तरंगवायला परवानगी दिली, भोवतालच्या पाण्यात मोठ्या बोटींना मनाई केली आणि करंजबंदरच्या होड्यांना तेवढी मुभा ठेवली. या गावाचा नियम कायद्याहून कडक, त्यांना कोण काय शिकवणार?

पहिल्या हंगामात साद घुमली आणि चौथ्याच संध्याकाळी दर्शनाच्या पडद्यावर खालून वर येणारे मोठे ठिपके दिसले. तीस वर्षांनी घोळ थव्याने आली होती. होड्यांच्या रांगेत म्हातारे रडले. कुणी जाळ्याला हात लावला नाही. आवाज थांबेपर्यंत सगळे कान लावून बसले, थांबल्यावर नमस्कार केला आणि मग जाळी पाण्यात गेली. त्या रात्री गावात बँड लागला. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन भालचंद्र धनू यांनी दर्शनाला शाल दिली आणि भाषणात तिला 'आपल्या गावची घोळबाय' म्हटलं. नाव चिकटलं. तिलाही ते आवडलं, खोटं कशाला बोला.

दुसऱ्या हंगामात ती रजा काढून माहेरी आली होती. दुपारची वेळ. चारुलता वहिनीने पानात भात वाढला, कालवण वाढलं आणि वर तव्यावरून उतरवलेली गाबोळीची जाड तुकडी ठेवली. तिखट-मीठ लावून तळलेली घोळीची अंडी. दर्शनाने डोळे मिटून पहिला घास खाल्ला.

"वहिनी, तुझ्या हाताला काय चव आहे गं!"

"हाताला काय, मासळीलाच हाय," वहिनी म्हणाली. "यंदा नुसती गाबोळी न् गाबोळी. एक मादी रिकामी नाय आली बग. पोरं कंटाळली खाऊन."

दुसरा घास दर्शनाच्या तोंडाशीच राहिला.

"एकही रिकामी नाही?"

"नाय तर! गेल्या साली पण तसंच. देवानं ओटी भरून धाडल्यात."

तिने घास पानात परत ठेवला. आवाज थांबल्यावर धरलेल्या मादीच्या पोटात गाबोळी असूच नये. त्याचसाठी तर नियम होता. अंडी सोडून झाली की नर गप्प होतो, नर गप्प झाला की जाळं. इथे गप्प कोण होत होतं? घड्याळ. तिने बसवलेलं घड्याळ.

ती पानावरून उठली. वहिनी मागून हाका मारत राहिली.

दुसऱ्या सकाळी ती बंदरावर मासळी कापणाऱ्या बायांमध्ये जाऊन बसली. एकेक घोळ चिरली जात होती आणि प्रत्येकीच्या पोटातून पिवळीधमक गाबोळी बाहेर येत होती. नर एकही नव्हता. तिने दोन हंगामांची ध्वनिमुद्रणं काढली, सादचा आवाज वजा केला आणि खाली काय उरतं ते ऐकलं. जहाजं होती, कोळंबीची तडतड होती. दुसरा नर कुठेच नव्हता.

असेलच एखादा जिवंत, तर त्याने करायचं काय? साद त्याच्या पन्नासपट मोठ्याने, न थकता, न चुकता घुमत होती. तिच्यापुढे हाडामांसाच्या नराचा आवाज कुणाला ऐकू जाणार! कोसाकोसांवरून माद्या या आवाजाकडे येत होत्या, आणि इथे आल्यावर त्यांना नवरा मिळत नव्हता. मेलेल्याचा गळा तेवढा मिळत होता. त्याच्याभोवती त्या भरल्या पोटी फिरत राहत, वाट पाहत, आणि आवाज थांबला की वरून जाळं येई. दर्शनाने दोन वर्षं पडद्यावरचे ठिपके मोजले होते, पण एकदाही जाळ्यात डोकावून पाहिलं नव्हतं. गावाने जाळ्यात पाहिलं होतं, पण गाबोळीला कुणी वाईट खूण म्हणतं का? सगळेच आपापल्या जागी खूश होते.

मोरेश्वर जाळं शिवत बसला होता. तिने त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, हातातली सुई थांबली नाही.

"म्हणजे आम्ही नियम मोडला?" शेवटी त्याने विचारलं.

"नाही रे दादा. पाळला, म्हणून तर झालं."

सुई थांबली. त्याने जाळं मांडीवरून खाली ठेवलं. मग म्हणाला, "बाबांनी आयुष्यात एकदा पण बोलत्या घोळीवर जाळं नाय टाकलं. उपाशी राहिले, पण नाय टाकलं. आणि मी न् तू मिळून..." त्याने वाक्य तोडलं. "बंद कर ती मशीन. आत्ताच्या आत्ता."

"बंद केली की आवाज थांबेल. आवाज थांबला की?"

मोरेश्वरच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहराच उतरला. किनाऱ्यावरच्या उरलेल्या सगळ्या माद्या त्या एका जागी जमल्या होत्या. साद गप्प झाली की गावाच्या तमाम होड्या त्यांच्यावर जाळी सोडणार होत्या, नमस्कार करून.

तेव्हा दर्शनाला एकच सुचलं. तिने घड्याळ काढून टाकलं. साद थांबलीच नाही.

गावाने नियम पाळला. संध्याकाळी होड्या गेल्या, आवाज थांबण्याची वाट पाहत बसल्या, अंधार पडल्यावर कोरड्या जाळ्यांनिशी परत आल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. आता दिवसाउजेडीही घोळ बोलत होती. नांगरून ठेवलेल्या होड्यांचं पोट पाण्यातला आवाज धरायचं आणि होडीत झोपलेला खलाशी दचकून उठायचा. पाय टेकले की तळव्याला ती घुमघुम लागायची. बायका खाडीवर कपडे धुवायला जाईनाशा झाल्या. "आता पुरे कर बाबा," असं म्हातारी माणसं समुद्राकडे बघून पुटपुटायची. घोळ बोलावी म्हणून ज्यांनी जन्मभर नवस केले, तीच माणसं. दर्शनालाही झोप नव्हती. कानात बोळे घातले तरी तिला तो नर ऐकू यायचा, पिंजऱ्यातला, जाब न मिळालेला. त्याला मरून तीन वर्षं झाली होती आणि तिने त्याला अजून गप्प बसू दिलं नव्हतं.

मग एका सकाळी वहिनी वाळूवरून धावत आली. पुळणीवर एक घोळ लागली होती. अंगावर जाळ्याचा ओरखडा नाही, पोट मात्र ताणून नगाऱ्यासारखं झालेलं. अंडी सोडलीच नव्हती तिने, शेवटपर्यंत. वहिनीने पदर सोडून तिच्या डोळ्यांवरची वाळू पुसली आणि नणंदेकडे पाहिलं.

"बाळंतपणात अडून मेलेली बाई अशीच दिसते गो," ती म्हणाली. "काय चाललंय ह्ये?"

त्या दिवशी सोसायटीच्या शेडमध्ये गाव जमलं. दर्शनाने काही लपवलं नाही. यंत्र आपलं, घड्याळ आपलं, चूक आपली, असं तिने सरळ सांगितलं. आवाज आज बंद करते, पण जाळी टाकू नका. त्यांना पांगू द्या. कुठे एखादा जिवंत नर असेल तर या गोंगाटाविना तो त्यांना ऐकू जाईल. एवढंच मागणं आहे.

भालचंद्र धनू उठले. माणूस दुष्ट नव्हता. त्यांच्या दोन होड्या रिकाम्या उभ्या होत्या आणि नियमावर त्यांची खरोखर श्रद्धा होती. "बाय, तू शिकलेली, तुझं खरं असेल," ते म्हणाले. "पण घोळ गप्प झाली की मासळी आपली, ह्ये वाडवडलांनी सांगितलंय. आज तू म्हणतेस गप्प झाली तरी टाकू नका. उद्या दुसरा म्हनेल बोलते तरी टाका. मग नियम ऱ्हायला कुठं?"

शेडमध्ये माना डोलल्या. दर्शनाने भावाकडे पाहिलं. मोरेश्वर उठला.

"नियमानंच होऊ दे," तो म्हणाला. "संध्याकाळी सगळे चला. मशीन बंद होईल. आपण कान लावू. घोळ बोलली तर जाळं नाय, गप्प असली तर टाका. कबूल?"

"कबूल," भालचंद्र म्हणाले.

वाटेत दर्शनाने भावाचा हात धरला. "दादा, तिथे नर नाही. मी सांगते ना तुला, एकही नाही."

"'पांगू द्या' म्हनालीस ना शेडमधी, ते ऐकलंय मी," एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळी गावच्या सगळ्या होड्या निघाल्या. दर्शना भावाच्या होडीत होती, मांडीवर पडदा, पाण्यात ध्वनिग्राहक. पडद्यावर खाली ठिपकेच ठिपके होते, सादच्या तरंगत्या पेटीभोवती गोल गोल फिरणारे. शेजारच्या होडीत भालचंद्र होते आणि त्यांचे खलाशी जाळ्याची कड धरून तयार होते. सूर्य पाण्याला टेकला. दर्शनाने कळ दाबली.

साद थांबली.

इतके दिवस तळव्यांना लागणारी घुमघुम गेली आणि जग एकदम पोकळ झालं. होडीच्या अंगावर पाणी चुबुक चुबुक वाजलं. सगळीकडे वल्ही पाण्यात उतरली, दांड्यांना कान लागले. दर्शनाने पडद्याकडे पाहिलं. आवाजाची रेघ सपाट होती. खाली ठिपके जागच्या जागी थबकले होते, हाक मारणारा अचानक गेल्यावर माणसं थबकतात तसे.

मोरेश्वर कान लावून होता. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिला कळलं की त्यालाही काही ऐकू येत नाहीये. लपवणं त्याला कधी जमलंच नव्हतं. पलीकडे जाळ्याची कड पाण्याकडे झुकली.

"बोलते!" मोरेश्वर ओरडला.

भालचंद्रांनी मान वर केली. "खोटं! मला नाय ऐकू येत."

"बोलते," मोरेश्वर पुन्हा म्हणाला, पण आवाज चिरकला.

मग रांगेच्या टोकाकडून म्हातारा पांडुरंग आरेकर खाकरला. ज्यांनी खरी घोळ ऐकली होती अशा हयात माणसांत तो सर्वांत थोरला. "भालू, तुझे कान गेले," तो म्हणाला. "बोलते की."

"होय, बोलते," तिसऱ्या होडीतून कुणीतरी म्हणालं. मग चौथ्या. ते भालचंद्रांकडे पाहत नव्हते, एकमेकांकडेही पाहत नव्हते.

भालचंद्र दर्शनाकडे वळले. "बाय, माणसाचा काय भरवसा? तुझी मशीन खोटं नाय बोलत. तू सांग. बोलते?"

सगळ्या होड्या तिच्याकडे पाहू लागल्या. तिच्या मांडीवर सपाट रेघ होती. आजवर तिने एक आकडा फिरवला नव्हता, एका ठिपक्याला दोन म्हटलं नव्हतं. तिच्या धंद्यात खोटं बोलणाऱ्याला पुन्हा कुणी विचारत नाही.

"बोलते," ती म्हणाली. "स्पष्ट बोलते."

भालचंद्र तिच्याकडे पाहत राहिले. मग वाकून त्यांनी पुन्हा दांड्याला कान लावला आणि डोळे मिटले. किती तरी वेळ ते तसेच होते. उठले तेव्हा त्यांनी खलाशांना काही सांगितलं नाही. जाळ्याची कड स्वतःच्या हातांनी आत ओढून घेतली आणि जाळ्यावर बसून घेतलं.

अंधार पडेपर्यंत पडद्यावरचे ठिपके विरळ होत गेले. एकेक मादी त्या गप्प पेटीपासून दूर निघाली, वेगवेगळ्या दिशांना. शेवटचा ठिपका कडेवरून नाहीसा झाल्यावर होड्या मागे फिरल्या.

त्याला आता दुसरं वर्ष लागलंय. विणीच्या दिवसांत होड्या अजून संध्याकाळी तिथे जाऊन उभ्या राहतात. जाळी दुसरीकडे, दुसऱ्या मासळीवर पडतात, इथे पडत नाहीत. दर्शना दर शनिवारी येते. "बोलते का गो?" भालचंद्र दर वेळी विचारतात, आणि दर वेळी ती हो म्हणते. मग पडदा पालथा घालून ठेवते, दादाच्या हातातलं वल्हं मागून घेते आणि दांड्याला कान लावून बसते.

अजून काही ऐकू आलेलं नाही.